रेकॉर्डर आणि पावा : मैफलीबाहेरची चोचीची बासरी

रेकॉर्डर म्हटले की मराठी वाचकाला प्रथम ध्वनिमुद्रणाचे यंत्र आठवते. प्रत्यक्षात हे एका जुन्या युरोपीय सुषिर वाद्याचेही नाव आहे. शहरांतील अनेक इंग्रजी माध्यमांच्या शाळांत मुलांच्या हाती जी फिकट रंगाची प्लास्टिकची उभी बासरी दिसते, ती हीच. युरोपीय अभिजात संगीतात या वाद्याला एकेकाळी मानाचे स्थान होते, पुढे ते गेले आणि विसाव्या शतकात काही अंशी परत मिळाले. या वाद्याची माहिती देताना बहुधा एवढाच इतिहास सांगितला जातो. मात्र ज्या कुळातील हे वाद्य आहे, त्या कुळाचा मोठा संसार मैफलीच्या बाहेर, गुराख्यांच्या आणि मेंढपाळांच्या हातांत वाढला. आटपाडी आणि आसपासच्या माणदेशात धनगरांच्या ढोलाला सोबत करणारा पावा हा याच संसाराचा भाग होय.

नाव आणि रचना

इंग्रजीतील ‘रेकॉर्ड’ या क्रियापदाचा जुना अर्थ पाठ करणे, पुन्हापुन्हा म्हणणे असा होता. त्यावरून या वाद्याला रेकॉर्डर हे नाव पडले, असे कोशकार मानतात. जर्मन भाषेत त्याला ‘ठोकळ्याची बासरी’ आणि फ्रेंचमध्ये ‘चोचीची बासरी’ या अर्थाची नावे आहेत. ही दोन्ही नावे वाद्याची रचना अधिक नेमकेपणाने सांगतात.

आडव्या बासरीत वादक ओठांनी फुंकेला आकार देतो आणि ती छिद्राच्या कडेवर सोडतो. नवशिक्याचे पहिले काही दिवस केवळ आवाज काढण्यातच जातात. रेकॉर्डरमध्ये हे काम वाद्य स्वतः करते. त्याच्या मुखात एक ठोकळा बसवलेला असतो. ठोकळा आणि नळीची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून फुंक जाते आणि समोरच्या धारदार कडेवर आदळते. साध्या शिटीतही हेच घडते. फुंकर घालताच आवाज निघतो. नळीवर समोर सात आणि मागे अंगठ्यासाठी एक अशी आठ छिद्रे असतात. अंगठ्याचे छिद्र किंचित उघडले, की वरच्या सप्तकातील स्वर मिळतात. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास हे त्याचे प्रचलित आकार आहेत. शाळेत दिसतो तो बहुधा सुमारे ३२ सेंटिमीटर लांबीचा सोप्रानो.

मराठीत अशा चोचीच्या बासरीसाठी ‘अलगूज’ हा जुना शब्द आहे. ‘पावा’ हा शब्द मात्र सैलपणे वापरला जातो. संतांच्या गौळणींत कृष्णाच्या हाती असतो तोही पावा, आणि मेंढक्याच्या हातातील उभी किंवा आडवी वेळूची नळी तीही पावाच. त्यामुळे पावा म्हणजे रेकॉर्डर असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. उभा, चोचीचा पावा मात्र रचनेने रेकॉर्डरचा निश्चितच सगोत्र ठरतो. नळी लाकडाऐवजी वेळूची आणि छिद्रे कमी, एवढाच मुख्य फरक.

मैफलीतून बाहेर पडण्याचे कारण

चौदाव्या शतकातील रेकॉर्डरचे अवशेष युरोपात सापडले आहेत. सोळाव्या शतकात तो राजदरबारी पोहोचला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री १५४७ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याच्या वाद्यसंग्रहाच्या यादीत ७६ रेकॉर्डरची नोंद झाली. १५३५ मध्ये व्हेनिस येथे सिल्व्हेस्त्रो गानासी याने या वाद्याच्या वादनावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे विवाल्डी, टेलिमान, हँडेल यांनी त्यासाठी रचना केल्या. बाखने १७२१ मध्ये अर्पण केलेल्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंपैकी दोहोंत रेकॉर्डरला महत्त्वाचे स्थान आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र आडव्या बासरीने त्याची जागा घेतली. याचे कारण रचनेतच होते. रेकॉर्डरमध्ये फुंकेचा मार्ग ठरलेला असल्याने जोराने फुंकले की स्वर चढतो आणि हळू फुंकले की उतरतो. आडव्या बासरीचा वादक ओठांची ठेवण बदलून हा फरक सावरतो. रेकॉर्डर वाजवणाऱ्याला ती सोय नसते. सभागृहे मोठी होत गेली, वाद्यवृंदांचा पसारा वाढला, एकाच स्वरात हळुवार ते प्रचंड असा आवाजाचा चढउतार अपेक्षिला जाऊ लागला. या अपेक्षेला रेकॉर्डर उतरू शकला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी अर्नोल्ड डॉल्मेच यांनी इंग्लंडमध्ये जुन्या वाद्यांच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले आणि १९१९ च्या सुमारास स्वतः रेकॉर्डर घडवला. जर्मनीत कार्ल ओर्फ आणि गुनिल्ड केटमान यांच्या संगीतशिक्षणाच्या पद्धतीत त्याला स्थान मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचे स्वस्त रेकॉर्डर निघू लागले आणि ते शाळाशाळांत पोहोचले. जपानमध्ये प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून मुले सोप्रानो रेकॉर्डर शिकतात. डच वादक फ्रान्स ब्र्युखन (१९३४–२०१४) यांनी त्याला पुन्हा मैफलीत मान मिळवून दिला. तरीही सर्वसामान्यांच्या मनात ‘मुलांचे वाद्य’ हा शिक्का कायम राहिला.

मेंढपाळांचे घराणे

मैफलीत जी उणीव ठरली, ती माळरानावर उणीव नव्हती. गुरे किंवा मेंढरे राखणाऱ्याला असे वाद्य हवे असते, की जे स्वतःच्या हाताने करता येईल, खांद्यावरच्या घोंगडीत मावेल आणि चालताचालता वाजेल. वाऱ्यात आडव्या बासरीवरची फुंक विस्कटते, तर चोचीच्या बासरीची फुंक बंदिस्त असते. म्हणूनच जगाच्या अनेक भागांत मेंढपाळांच्या हाती याच कुळातील वाद्ये दिसतात.

स्लोव्हाकियातील फुजारा हे याचे ठळक उदाहरण. पुरुषभर किंवा त्याहून लांब अशा या बासरीला केवळ तीन छिद्रे असतात. उरलेले स्वर वादक फुंकेचा जोर बदलून काढतो. ज्या गुणामुळे रेकॉर्डर मैफलीतून बाहेर गेला, त्याच गुणावर फुजाराचे सगळे संगीत उभे आहे. मेंढपाळांच्या या वाद्याला आणि त्याच्या संगीताला युनेस्कोने २००५ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाचा दर्जा दिला.

आपल्याकडे कच्छमधील मालधारी ‘जोडिया पावा’ वाजवतात. त्यात दोन चोचीच्या बासऱ्या एकाच वेळी तोंडात धरतात. एकीवर धून चालते, दुसरी आधारस्वर देत राहते. त्यांना नर आणि मादी म्हणतात. गालांत हवा साठवून, नाकाने श्वास घेत, फुंक अखंड ठेवण्याचे कौशल्य वादकाला साधावे लागते. पंजाब, राजस्थान आणि सिंध या प्रदेशांतील अलगोजा हे त्याचेच भावंड. मराठीतील अलगूज हा शब्दही याच घरातला.

आटपाडीचा मुलूख

आटपाडी हा आज सांगली जिल्ह्यातील तालुका आहे. पूर्वी तो औंध संस्थानचा एक महाल होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. पर्जन्यछायेतील हा प्रदेश. शेती बेभरवशाची, म्हणून मेंढपाळी हा येथील मोठ्या समाजाचा पिढीजात आधार. माडगुळे येथे जन्मलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत याच मुलुखातील धनगरवाडीचे जीवन रेखाटले. दुष्काळात ती वाडी विखुरते. १९९५ मध्ये अमोल पालेकर यांनी तिच्यावर चित्रपट काढला.

एका जिल्ह्यात संगीताची दोन जगे कशी नांदतात, हेही येथे पाहण्यासारखे आहे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मिरज. एकोणिसाव्या शतकात तेथील शिकलगारांनी तंबोरे आणि सतारी घडवण्याचा उद्योग उभारला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेचे. दुसरीकडे, खुद्द औंध येथे गजाननबुवा जोशी यांनी १९४० मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव ही अभिजात गायन-वादनाची परंपरा झाली. या नकाशावर आटपाडीच्या माळावरचा पावा कुठे दिसत नाही. तो घडवणाऱ्यांची पेठ नाही, शिकवणाऱ्यांचे घराणे नाही आणि त्याची सभाही भरत नाही.

त्याची जागा वेगळी आहे. धनगरांचे आराध्य दैवत बिरोबा. कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडी आणि कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली ही त्याची मोठी ठाणी. तेथील यात्रांत भंडारा उधळला जातो, ढोल घुमतात आणि फेटे बांधलेले, हातांत रुमाल घेतलेले गजी ढोलकऱ्यांभोवती रिंगण धरतात. हेच गजीनृत्य. ढोल आणि झांज ही त्याची मुख्य वाद्ये, त्यांच्या जोडीला कुठे सनई, कुठे पावा. ढोलांच्या गजरात एकट्या पाव्याचा आवाज दबतो. त्यामुळे त्याची खरी वेळ असते ती मेंढरे चरत असताना, किंवा रात्री वाड्यावर, म्हणजे फिरत्या मुक्कामावर, ओवीच्या बैठकीत.

धनगरी ओवी ही देवाची आणि पूर्वजांची दीर्घ कथा असते. प्रारंभी सुंबरान, म्हणजे देवाचे स्मरण, मांडतात. मग गायलेल्या ओळी आणि गद्य निवेदन आळीपाळीने पुढे सरकतात. जर्मन संशोधक ग्युंटर सोन्थायमर यांनी महाराष्ट्रातील धनगरांत फिरून अशा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांवर मूलभूत ग्रंथ लिहिला. तो १९७६ मध्ये जर्मनमध्ये आणि १९८९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्यांपैकी दोन दीर्घ कथा अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांच्या सहकार्याने २०१४ मध्ये इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केल्या. ओवीचे शब्द अशा रीतीने ग्रंथात आले. पाव्याच्या धुनीचे तसे नाही. तिला शब्द नसतात आणि ती ऐकून, बोटे पाहूनच पुढच्या पिढीकडे जाते. वाजवणारा थांबला की ती थांबते.

हा धोका आज अधिक जवळचा आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आले, डाळिंबाच्या बागा वाढल्या, मुले शाळा-महाविद्यालयांत गेली. यात वाईट काहीच नाही. दुष्काळाने पिचलेल्या मुलुखाने हे पाणी भांडून मिळवले आहे. मात्र चराऊ माळ आक्रसला आणि मेंढरांमागे चालणारे पाय कमी झाले, की मेंढरांमागे शिकली जाणारी कलाही तेवढीच आक्रसते. ज्यांच्या हाती ती होती, त्यांच्या नातवंडांना ती शिकायची झाल्यास माळाऐवजी दुसरी जागा शोधावी लागेल.

शहरात गेलेली बासरी

अशी जागा सापडू शकते, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. तेथील गुराखी मुले बोरूच्या बासऱ्या वाजवीत. रोजगारासाठी माणसे जोहान्सबर्गकडे लोटली, तेव्हा त्या मुलांनी रस्त्यावर स्वस्तात मिळणारी सहा छिद्रांची धातूची शिटी-बासरी हाती घेतली. १९५० च्या दशकात तिच्यावर अमेरिकी जॅझचे वळण आणि गावाकडची चाल यांचा मेळ घालून ‘क्वेला’ हे नवे नागर संगीत जन्मले. स्पोक्स माशियाने (१९३३–१९७२) हा त्याचा सर्वांत नामांकित वादक. क्वेलाचे वादक चोच सरळ न धरता तिरपी करून तोंडात आत घेत. त्यामुळे आवाज भरदार होई आणि स्वर वाकवता येत. शिटीची उणीव त्यांनी अशा युक्तीने भरून काढली. दशकाच्या अखेरीस सॅक्सोफोनने त्या शिटीला मागे टाकले, स्वतः माशियानेही सॅक्सोफोनकडे वळला. पण क्वेलाचे नाव टिकले.

खुद्द रेकॉर्डरही अभिजात चौकटीबाहेर वावरला आहे. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीटल्सच्या ‘द फूल ऑन द हिल’ या गाण्यात पॉल मॅकार्टनीने, तर त्याच वर्षीच्या रोलिंग स्टोन्सच्या ‘रूबी ट्यूसडे’मध्ये ब्रायन जोन्सने तो वाजवला. लेड झेपलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’च्या (१९७१) आरंभी गिटारसोबत ऐकू येतात ते जॉन पॉल जोन्सने वाजवलेले रेकॉर्डर. या गाण्यांत ध्वनिक्षेपकामुळे आवाज लहान असण्याची अडचणच उरली नाही. कंप कमी असलेला, सरळ आणि काहीसा भाबडा स्वर हाच तेथे हवा होता.

रेकॉर्डरवर देशी धून

शाळेत रेकॉर्डर शिकलेल्या मुलाला त्यावर मराठी चाल वाजवता येईल का, हा व्यवहारातला प्रश्न. उत्तर होकारार्थी आहे, मात्र काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट षड्जाची. सर्व छिद्रे झाकल्यावर निघणाऱ्या स्वराला ‘सा’ मानण्याची सवय पाश्चात्त्य पद्धतीने लागते. त्याऐवजी अंगठा आणि वरची तीन छिद्रे झाकून जो स्वर मिळतो, तो ‘सा’ मानावा. मग बासरीवादकाचा ओळखीचा हात येथेही चालतो. एकेक बोट उचलले की रिषभ आणि गांधार मिळतात, अंगठ्यासह केवळ दुसरे बोट ठेवले की शुद्ध मध्यम. खाली सहा छिद्रे झाकली की मंद्र पंचम आणि सातवेही झाकले की मंद्र मध्यम. ओवीसारख्या, मोजक्या स्वरांत फिरणाऱ्या चालीला एवढा पल्ला पुरतो.

दुसरी गोष्ट मींडेची. बोट झटकन उचलले तर स्वर तुटक येतो. छिद्रावरून बोट सावकाश सरकवले तर एक स्वर दुसऱ्यात विरघळतो. वेळूच्या बासरीवर हे अधिक सहज होते, कारण तिची छिद्रे मोठी असतात. रेकॉर्डरची छिद्रे लहान असल्याने येथे अधिक नजाकत लागते. मींडेच्या वेळी फुंक थोडी सैल केली तर स्वर खाली येण्यास मदत होते. फुंकेने स्वर हलतो हा अभिजात रेकॉर्डरवादनातील दोष येथे कामाला येतो.

तिसरी गोष्ट जिभेची. पाश्चात्त्य शिक्षणात प्रत्येक स्वर जिभेच्या आघाताने सुरू करायला शिकवतात. लोकचालीत तो आघात वाक्याच्या आरंभी पुरेसा असतो. पुढचे स्वर एका फुंकेत बोटांनीच जोडावेत. पुनरावृत्त होणारा स्वर जिभेऐवजी बोटाच्या हलक्या टिचकीने तोडला, की चालीला पाव्याचे वळण येते.

चौथी गोष्ट सोबतीची. रेकॉर्डर एकटा वाजला की पोकळ वाटतो. दुसऱ्या वादकाने एका रेकॉर्डरवर ‘सा’ धरून ठेवला, की जोडिया पाव्यासारखा आधार मिळतो. खुल्या मैदानात ढोलासोबत वाजवायचे असेल तर उंच आवाजाचा सोप्रानो घ्यावा आणि ढोल थांबेल तेथेच चाल भरावी. घरात किंवा वर्गात मात्र आल्टोचा खालचा, मऊ आवाज ओवीच्या चालीला अधिक शोभतो.

काही गोष्टी या वाद्याला जमणार नाहीत, हेही मान्य करावे लागते. कारखान्यात घडलेल्या रेकॉर्डरचे स्वर पियानोच्या मापाने जुळवलेले असतात. हाताने भोके पाडलेल्या वेळूच्या पाव्याचे स्वर त्या मापात बसत नाहीत, आणि त्या न बसण्यातच त्याची ओळख असते. रेकॉर्डरवर वाजवलेली धून म्हणजे पाव्याची नक्कल नव्हे. ती त्या धुनीची दुसऱ्या वाद्यावरील आवृत्ती होय.

शाळेपासून माळापर्यंत

काहीशे रुपयांत मिळणारे, पहिल्या दिवशी आवाज देणारे आणि तरीही पुष्कळ काही करू देणारे असे दुसरे स्वरवाद्य सापडणे कठीण. म्हणूनच ते शाळेत टिकले. आपल्या शाळांत त्यावर मुले पाश्चात्त्य बालगीते आणि परीक्षांचे धडे शिकतात. त्यात गैर काही नाही. परंतु आटपाडी, जत, माण किंवा सांगोला या तालुक्यांतील, आणि तेथून पुण्या-मुंबईत गेलेल्या कुटुंबांतील, मुलांना याच नळीवर आजोबांच्या सुंबरानाची चाल वाजवता येते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

त्यासाठी मोठी योजना लागत नाही. अजून पावा वाजवणारी माणसे यात्रांत भेटतात. त्यांचे वादन साध्या भ्रमणध्वनीवर मुद्रित करता येते; मात्र वादकाची बोटे दिसतील असे चित्रण केले तरच ते शिकणाऱ्याच्या उपयोगी पडते. वादकाचे आणि गावाचे नाव, पाव्याची लांबी, छिद्रांमधील अंतरे आणि चाल कोणत्या प्रसंगी वाजते, एवढी नोंद सोबत असावी. पुढे कोणाला तसाच पावा करायचा झाला तर ही मापे हाताशी राहतील.

क्वेलाच्या मुलांनी बोरूची नळी टाकून धातूची शिटी घेतली, तेव्हा गावाकडची चाल त्यांच्या कानांत होती. वाद्य बदलले तरी त्यामुळे संगीत पुढे गेले. माणदेशातील मुलाच्या हाती प्लास्टिकचा रेकॉर्डर आला आहे. त्याच्या कानी पाव्याची चाल पडायची, तर ती वाजवणारा वडीलधारा वादक वर्गात बोलावला गेला पाहिजे, आणि तो वाजवता आहे तोवरच बोलावला गेला पाहिजे.